मूळ व्यवसाय विकल्यानंतर याहूकडे काय उरले?

इंटरनेट कंपनीने आपला मूळ व्यवसायच विकला, तर मागे काय उरते? या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतील याहू कंपनीचे आहे.

१३ जून २०१७ रोजी याहूची ई-मेल, बातम्या, शोधसेवा आणि जाहिरात हे व्यवसाय व्हेरायझन या दूरसंचार कंपनीकडे गेले. सुमारे ४४८ कोटी डॉलरच्या या व्यवहारात याहू हे नावही गेले. मूळ कंपनी मात्र विसर्जित झाली नाही. 'अल्टाबा' हे नाव धारण करून ती गुंतवणूक कंपनी म्हणून नॅसडॅक शेअर बाजारात कायम राहिली.

दुकान विकले, भागीदारी राखली

समजा, जबलपूरच्या ओमती भागातील एखाद्या व्यापाऱ्याने माल, पाटी आणि गिऱ्हाइकांसह दुकान विकले. पण दुसऱ्याच्या कारखान्यातील भागीदारी स्वतःकडे ठेवली. याहूनेही तेच केले.

याहूने २००५ मध्ये अलिबाबा या चिनी कंपनीत १०० कोटी डॉलर गुंतवून आणि आपला चीनमधील व्यवसाय देऊन सुमारे ४० टक्के हिस्सा मिळविला होता. त्यातील बराच भाग २०१२ आणि २०१४ मध्ये विकल्यानंतरही २०१७ मध्ये सुमारे १५ टक्के हिस्सा शिल्लक होता. त्याचे बाजारमूल्य विकलेल्या व्यवसायाच्या दहापटीहून अधिक होते. याशिवाय याहू जपानमधील सुमारे ३६ टक्के हिस्सा, रोख रक्कम आणि काही पेटंट कंपनीकडे राहिली.

उलटा मार्ग कशासाठी?

अलिबाबातील हिस्सा वेगळ्या कंपनीत वर्ग करण्याची याहूची पहिली योजना होती. तो व्यवहार करमुक्त राहील, अशी हमी देण्यास अमेरिकी करखात्याने २०१५ मध्ये नकार दिला. त्यामुळे हिस्सा जागेवर ठेवून व्यवसायच बाहेर काढण्याचा मार्ग कंपनीने स्वीकारला.

जबाबदारीही उरली

मागे केवळ संपत्ती राहिली नाही. २०१३ मधील सायबर हल्ल्यात याहूच्या सर्व ३०० कोटी खात्यांची माहिती चोरीस गेली होती. २०१४ मध्ये आणखी एक हल्ला झाला. हे हल्ले उघड झाल्यावर विक्रीची किंमत ३५ कोटी डॉलरने घटली. भागधारकांचे दावे आणि अमेरिकी रोखे बाजार नियामकाची चौकशी यांचा भार एकट्या अल्टाबावर, तर इतर दाव्यांचा बराचसा भार दोन्ही कंपन्यांवर निम्मा-निम्मा आला.

२०१४ च्या हल्ल्याची माहिती गुंतवणूकदारांपासून दडविल्याबद्दल एप्रिल २०१८ मध्ये अल्टाबाला ३.५ कोटी डॉलरचा दंड झाला. खातेधारकांच्या दाव्यात ११.७५ कोटी डॉलरची तडजोड न्यायालयाने २०२० मध्ये मंजूर केली. ती अमेरिका आणि इस्रायलमधील रहिवाशांपुरती होती. भारतातील खातेधारकांना तिचा लाभ नव्हता.

अखेरचा टप्पा

अल्टाबाने २०१८ मध्ये याहू जपानमधील हिस्सा विकला. जून २०१९ मध्ये भागधारकांनी कंपनी गुंडाळण्यास मंजुरी दिली आणि ऑक्टोबरमध्ये तिचे शेअर बाजारातून बाहेर पडले. देणेकऱ्यांच्या दाव्यांसाठी रक्कम राखून उरलेला पैसा भागधारकांना वाटण्याची प्रक्रिया डेलावेअर राज्याच्या न्यायालयाच्या देखरेखीखाली सुरू झाली.

याहूचा व्यवसाय मात्र २०२१ मध्ये पुन्हा हस्तांतरित झाला. व्हेरायझनने १० टक्के हिस्सा राखून तो अपोलो या गुंतवणूक संस्थेला विकला. त्याच वर्षी परकी गुंतवणुकीच्या नव्या नियमांमुळे याहूने भारतातील बातम्यांची सेवा बंद केली. ई-मेल सेवा चालू ठेवली.