बंद पडलेल्या मालिकेचे रोबो आणि दुर्मिळतेचा भ्रम

रोबो खेळण्यांच्या बाजारात एक समजूत पक्की रुजली आहे. मालिका मध्येच बंद पडली म्हणजे तिची खेळणी थोडीच निघाली असणार, आणि थोडी निघाली म्हणजे ती मौल्यवान असणार. विक्रेत्यांना ही समजूत फार सोयीची आहे, पण नव्या संग्राहकाचं ती नुकसान करते. ती तपासून बघायला ‘मोबाइल सूट गंडम’सारखं दुसरं उदाहरण नाही. ही जपानी मालिका ७ एप्रिल १९७९ रोजी सुरू झाली. योजना ५२ भागांची होती, पण जानेवारी १९८० मध्ये ती ४३ भागांतच आटोपली. त्यावरून ती कुणाला आवडलीच नाही, असाही निष्कर्ष काढला जातो. तिचा प्रेक्षकवर्ग मोठा नव्हता, हे खरं. पण तिचं भवितव्य मुख्य प्रायोजक क्लोव्हर या खेळणी कंपनीच्या विक्रीवर अवलंबून होतं. क्लोव्हरची खेळणी लहान मुलांसाठी होती. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो मात्र युद्धाची दमछाक, भीती आणि दोन्ही बाजूंची माणसं दाखवत होते, आणि त्यात जीव गुंतला तो किशोरवयीन प्रेक्षकांचा. ज्यांना मालिका भावली त्यांच्यासाठी दुकानात काही नव्हतं. तिला नापसंत ठरवणं म्हणूनच अन्यायाचं आहे.

खरी गंमत मालिका संपल्यावर सुरू झाली. जुलै १९८० मध्ये बांदाईने गंडमचा जुळणी करायचा प्लास्टिक संच आणला. प्रमाण १/१४४, किंमत ३०० येन. कथेतला अठरा मीटरचा यंत्रमानव साडेबारा सेंटिमीटरचा झाला, आणि शत्रूपक्षाचा झाकूही त्याच प्रमाणात मिळू लागल्याने दोघांना शेजारी उभं करता येऊ लागलं. हे त्या थोड्या मोठ्या मुलांना हवं होतं. पुनःप्रक्षेपणं झाली, १९८१-८२ मध्ये तीन संकलित चित्रपट आले आणि संचांवर झुंबड उडाली. पुढे गंडमच्या मॉडेलांची विक्री कोट्यवधींत गेली. म्हणजे अर्ध्यावर आटोपलेल्या मालिकेतून जगातल्या सर्वांत मुबलक रोबो मॉडेलांपैकी एक परंपरा उभी राहिली. शिवाय बांदाई जुने साचे पुन्हा वापरत राहिली. त्यामुळे १९८० चा म्हणून विकला जाणारा संच कितीतरी नंतर छापलेल्या खोक्यातलाही असू शकतो. खोक्यावरचं साल बऱ्याचदा स्वामित्वहक्काचं असतं, तो संच कोणत्या वर्षी बनला ते त्यावरून कळत नाही. त्याहून उपयोगी खूण कंपनीच्या नावाची आहे. सुरुवातीचे संच बांदाई मोकेई या उपकंपनीचे होते, आणि ती १९८३ मध्ये मूळ कंपनीत विलीन झाली.

यावर कुणी म्हणेल, मग क्लोव्हरचे जुने गंडम महाग का? आक्षेप रास्त आहे, पण त्याचं कारण वेगळं आहे. क्लोव्हर १९८३ मध्ये दिवाळखोर झाली, त्यामुळे बांदाईसारखी वर्षानुवर्षं साचे चालवत राहणारी कंपनी त्या खेळण्यांमागे उरली नाही. त्यातच ती मुलांनी मनसोक्त खेळलेली. हातातली शस्त्रं, सुटे भाग हरवले, रंग उडाले, खोकी कचऱ्यात गेली. सगळ्या भागांसह आणि खोक्यासह टिकलेला नग म्हणूनच विरळा. मालिका दोन्ही कंपन्यांसाठी एकच होती आणि ती बंदही एकदाच पडली. तरी एकीचा माल विरळ झाला आणि दुसरीचा घरोघरी पोहोचला. मग हा फरक मालिका बंद पडण्यामुळे झाला, असं कसं म्हणायचं?

न उघडलेलं खोकं म्हणजे निर्धोक खरेदी, हाही असाच एक भ्रम. जुन्या संचांबरोबर येणारा गोंद वाळतो, चिकटचित्रं पिवळी पडतात, उन्हात राहिलेलं पांढरं प्लास्टिकही पिवळं पडतं. इतिहासाची वस्तू म्हणून ते खोकं जपावं, त्यासाठी जास्त पैसे मोजणंही समजू शकतं. पण ज्याला तो रोबो हाताने जुळवायचा आहे त्याला पुनर्निर्मित संच हलका मानायचं काही कारण नाही. तोच साचा, तेच भाग, आणि किंमत अजूनही शाळकरी मुलाच्या आवाक्यातली.