जनावरांचा डॉक्टर व्हायचंय? मग अकरावीचा फॉर्म भरण्याआधी हे वाचा

दहावीचा निकाल लागला की घराघरात एकच चर्चा सुरू होते: सायन्स घ्यायचं की कॉमर्स? सायन्स ठरलं तर पुढे डॉक्टर की इंजिनिअर? या गडबडीत जनावरांच्या डॉक्टरकीचा विचार कोणी फारसा करत नाही. खरं तर शेळ्या पाळणारे, पोल्ट्री चालवणारे, दुधाचा आणि मटणाचा धंदा करणारे आपल्या समाजात पिढ्यान् पिढ्या आहेत. जनावर आजारी पडलं की काय नुकसान होतं, हे या घरांना सांगावं लागत नाही. तरी त्या घरातलं मूल पशुवैद्यक व्हावं, हे आपल्या डोक्यात येत नाही. आलंच तर बारावीनंतर येतं, आणि तेव्हा कधी कधी उशीर झालेला असतो.

आमच्याकडे विचारणा करणाऱ्यांत एक मुलगी होती. बारावीला मार्क छान, जनावरांची आवड लहानपणापासून. पण अकरावीत कोणीतरी सांगितलं, ‘कॉम्प्युटर सायन्स घे, स्कोरिंग असतं.’ तिने बायोलॉजी सोडून ते घेतलं. आवड होती, मार्क होते, फक्त एक विषय नव्हता, आणि दार बंद झालं. म्हणून हा लेख.

कोणते विषय हवेत?

पशुवैद्यक पदवीचं पूर्ण नाव बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. म्हणजे पशुवैद्यक आणि पशुसंवर्धन. त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे चार विषय लागतात. खुल्या प्रवर्गाला या चारही विषयांत मिळून किमान 50 टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्गांना थोडी सवलत असते. इंग्रजी नुसतं पास होऊन भागत नाही, त्याचे मार्कही या हिशेबात धरले जातात. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी हे पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवावं. पुढचं सगळं शिक्षणही इंग्रजीतच आहे.

मग गणित? या पदवीसाठी गणित लागत नाही. पण मूल दोन्हीत बरं असेल तर गणितही ठेवावं. नंबर नाही लागला तर डेअरी टेक्नॉलॉजीसारखे रस्ते उघडे राहतात, तिथे गणित लागतं. गणिताने रडकुंडीला येणाऱ्या मुलावर मात्र जबरदस्ती करू नका, तो वेळ बायोलॉजीला द्या.

नीट चुकत नाही

प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर होतो. एकूण 720 गुणांपैकी 360 एकट्या बायोलॉजीचे, उरलेले फिजिक्स आणि केमिस्ट्रीला 180-180. ही परीक्षा मराठी आणि उर्दूतूनही देता येते, हे आपल्या अनेक पालकांना माहीत नसतं.

नीट दिली म्हणजे काम झालं, असं मात्र नाही. एमबीबीएसचा फॉर्म भरला म्हणून इथे आपोआप नाव लागत नाही. राज्यातल्या 85 टक्के जागांसाठी नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. उरलेल्या 15 टक्के जागा देशपातळीवर भारतीय पशुवैद्यक परिषद भरते, त्याचा अर्ज आणखी वेगळा. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि साताऱ्याजवळचं शिरवळ इथे शासकीय महाविद्यालयं आहेत. मुंबईचं तर 1886 सालचं आहे. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा: साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप.

कागदपत्रं आत्ताच

बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. पण नुसत्या जातीच्या दाखल्यावर काम होत नाही. नॉन क्रिमीलेअर आणि जात पडताळणीही लागते. पडताळणीसाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेचे जुने दाखले शोधावे लागतात, त्यात महिने जातात. मूल अकरावीत गेलं की कामाला लागा. अधिवासाचा दाखलाही काढून ठेवा.

कोकणातली बरीच कुटुंबं आखातात आहेत. तिथे सीबीएसईत शिकणाऱ्या मुलांनीही हेच चार विषय घ्यावेत. ब्रिटिश पद्धतीच्या शाळेत असाल तर ए लेव्हलला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही हवेत, आणि पुढे समकक्षता प्रमाणपत्र लागेल. राज्याच्या जागांसाठी शिक्षण आणि अधिवासाच्या अटी असतात. त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात आधीच वाचून घ्या.

घरातले दोन सवाल

पहिला: ‘कुत्र्या-डुकरांना हात लावावा लागेल का?’ हो, शिकताना सगळीच जनावरं येतात. हे आधीच माहीत असावं. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. पाकीबाबत शंका असेल तर आलिमांना विचारा, पण फक्त संकोचापोटी मुलाचं दार बंद करू नका.

दुसरा: ‘मुलीला झेपेल का?’ आज मुली हे शिक्षण घेऊन दवाखाने चालवताहेत, सरकारी पशुधन विकास अधिकारी होताहेत. कत्तलखान्यात जनावर निरोगी आहे की नाही हे तपासायलाही पशुवैद्यकच लागतो. पोल्ट्री, औषध कंपन्या, डेअरी इथेही काम आहे.

शेवटी एकच. पशुसंवर्धनाची पदविका आणि ही पदवी एक नव्हे. पदविकेने स्वतंत्र डॉक्टर होता येत नाही. म्हणून अकरावीचा फॉर्म भरताना घाई करू नका. मुलाला समोर बसवा, त्याची आवड विचारा, आणि बायोलॉजीसमोर खूण केली आहे ना, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. बाकी मेहनत त्याची, दुआ आपली.