पंखाची कड आणि उड्डाणाचे गणित

दि. ९ जून २०२५ रोजी सोलापूर–गोवा विमानसेवा सुरू झाली. धावपट्टीवर धावण्यापूर्वी त्या एटीआर ७२ विमानाच्या पंखाची मागील कड किंचित खाली झुकते, हे आमच्या काही विद्यार्थ्यांनी कुंपणाबाहेरून न्याहाळले असेल. त्या हलत्या भागास फ्लॅप म्हणतात. तो उतरला की पंखाचा बाक वाढतो, पंख अधिक हवा खाली लोटतो आणि विमान कमी वेगात, आखूड धावेत जमीन सोडते. मात्र त्याबरोबर हवेचा रोधही वाढतो. फ्लॅप वाजवीपेक्षा अधिक उतरवल्यास पुढील चढण मंदावते. वाटेत उंच अडथळा असेल तर हे धोक्याचेच. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी उड्डाणमार्गातील अडथळा ठरून १५ जून २०२३ रोजी पाडण्यात आली. त्या वादात शहर ढवळून निघाले. आम्हां शिक्षकांना मात्र त्यातील चढणीचा कोन वर्गात शिकवण्याजोगा वाटतो.

उभ्याने उडू शकणाऱ्या विमानांत हे गणित अधिक ठळक होते. भारतीय नौदलाची सी हॅरियर विमाने १९८३ पासून २०१६ पर्यंत गोव्यातील दाबोळीच्या हंसा तळावर होती. त्यांच्या पेगासस इंजिनाचे चारही झोत खाली वळवता येत. पण विमान जागच्या जागी उचलले जात असता पंखावरून हवा वाहत नाही; फ्लॅप निरुपयोगी ठरतो आणि सारा भार इंजिनावर पडतो. म्हणून इंधन व शस्त्रे घेऊन निघताना ते ‘विराट’च्या डेकवर धावून चढत्या टोकावरून झेपावत असे. तेवढ्या धावेतही पंख ओझ्याचा वाटा उचलू लागत. परतताना इंधन जळून हलके झालेले विमान उभे उतरे. ‘उभे उडणारे विमान’ हे त्याचे लोकप्रिय वर्णन त्यामुळे अर्धेच खरे आहे. पुढच्या हॅरियर टू विमानास मोठे फ्लॅप दिले गेले, ते आखूड धावेत अधिक ओझे उचलता यावे म्हणूनच.

अमेरिकेच्या ऑस्प्रेची गोष्ट उलटी. त्याच्या आडव्या फिरणाऱ्या पंख्यांचा वारा वरून पंखावर आदळून विमानास खाली दाबतो. तेथे फ्लॅप बराच खाली सोडतात, तो वाऱ्याच्या वाटेतून पंखाची रुंदी कमी करण्यासाठी.

हवा तापून विरळ झाली, की पंख आणि इंजिन दोहोंचे बळ घटते. सोलापूरच्या मे महिन्यातील दुपारी फ्लॅपचा कोन बदलून भागले नाही, तर विमानातील ओझेच उतरवावे लागते.