इंजिनाची भूक आणि फ्युएल कंट्रोलर

11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा वाहतुकीस खुला झाला. हा मार्ग आपल्या वाशीम जिल्ह्यातून जातो. शिरपूर-मालेगाव परिसरातील तरुणांना वेगाचे आकर्षण वाटणे त्यामुळे स्वाभाविक आहे. गाडीचा पिकअप वाढवून देणारी एक डबी बाजारात मिळते. तिला फ्युएल कंट्रोलर म्हणतात. ती विकत घेण्यापूर्वी तिचे कार्य समजून घेणे हिताचे ठरेल.

एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे 14.7 किलो हवा लागते. पूर्वी हे प्रमाण कार्बोरेटर राखत असे. मिस्त्री प्लग काढून त्याचा रंग पाहत: काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी, फिका तपकिरी असेल तर मिश्रण योग्य. 2000 सालानंतर धुराचे नियम कडक होत गेले, तसा प्रवासी मोटारींतून कार्बोरेटर नाहीसा झाला. त्याची जागा इंजेक्टर आणि त्याला आज्ञा देणारा छोटा संगणक, म्हणजे ईसीयू, यांनी घेतली.

आत येणारी हवा, तिचे तापमान, इंजिनाचे फेरे यांची माहिती सेन्सर ईसीयूला देतात. त्यावरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे ठरते. धुराड्यातील ऑक्सिजन सेन्सर मिश्रण बरोबर जळाले की नाही हे सांगतो आणि ईसीयू मात्रा दुरुस्त करतो. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा कमी हवा पुरते. म्हणून इथेनॉलमिश्रित इंधन थोडे जास्त सोडावे लागते. हा फरक मर्यादेत असेल तर ईसीयू तो स्वतःच भरून काढतो.

फ्युएल कंट्रोलर ईसीयू आणि इंजिन यांच्या मध्ये बसतो. इंजेक्टर 5 मिलिसेकंद उघडण्याची आज्ञा आली, तर तो ती 5.5 करतो. काही उपकरणे सेन्सरचा संदेश बदलून ईसीयूलाच चुकीची माहिती देतात. परंतु संथ, एकसारख्या वेगात ऑक्सिजन सेन्सर जादा पेट्रोल लगेच ओळखतो आणि ईसीयू ते पुन्हा कमी करतो. डबीचा परिणाम टिकतो तो मुख्यतः ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना.

ताकद नुसत्या पेट्रोलाने वाढत नाही. त्यासाठी हवाही वाढावी लागते. शर्यतीच्या गाडीत टर्बो, कॅमशाफ्ट किंवा मोठे इंजेक्टर बसवले जातात, तेव्हा मूळ हिशोब बदलतो आणि कंट्रोलर खरोखर गरजेचा ठरतो. तेथेही डायनोवर गाडी चालवून, वाइडबँड सेन्सरने मिश्रण मोजूनच मात्रा ठरवतात. मूळ स्थितीतील गाडीत लाभ अल्पच असतो.

हानी मात्र मोठी होऊ शकते. जोर पडत असताना पेट्रोल कमी पडले, तर उष्णता वाढते, इंजिन ठोके देते आणि पिस्टन वितळू शकतो. पेट्रोल जास्त झाले, तर सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइलचा थर धुतला जातो. न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो निकामी करते. मग मायलेज घटते आणि विषारी धूर गावाच्या श्वासात मिसळतो.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलास मनाई करते. 2019 च्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात.

पिकअप कमी वाटत असेल, तर आधी एअर फिल्टर, प्लग आणि टायरमधील हवा तपासावी. स्कॅनर लावून ईसीयूने नोंदवलेले दोष वाचावेत. बहुतेकदा उत्तर तेथेच सापडते. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनीही हीच शिस्त अंगी बाणवावी: आधी मोजावे, मग कारण शोधावे आणि शेवटी हात लावावा. गिऱ्हाइकाचा विश्वास अशाच कारागिरावर बसतो.