लेखांक ४ : तेलाचा डबा आणि तीन वर्षांचा हिशेब

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. या आकड्यावरून वजन उतरवण्याचा एक सोपा हिशेब सर्रास मांडला जातो. रोज १०० कॅलरी कमी खाल्ल्या, की वर्षात ३६,५०० कॅलरी वाचतात आणि पावणेपाच किलो वजन घटते. हाच हिशेब पुढे चालवला तर दहा वर्षांत ४७ किलो उतरायला हवेत, आणि तसे कुणाचेच होत नाही. शरीराचा रोजचा खर्च कायम सारखाच राहतो, असे यात धरलेले असते आणि हिशेब तिथेच फसतो. वजन घटलेल्या शरीराला बसल्या जागी आणि चालताना, दोन्ही वेळा कमी ऊर्जा लागते. त्यामुळे घट मंदावत जाते आणि एका पातळीवर थांबते.

अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या संस्थेतील केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये ‘लॅन्सेट’मधून हा बदलता खर्च धरून नवा हिशेब मांडला. त्यानुसार रोजच्या आहारात १०० कॅलरींची कायमची कपात केल्यास अखेरीस साधारण साडेचार किलो वजन उतरते. त्यातले निम्मे पहिल्या वर्षात आणि जवळपास सगळे तीन वर्षांत. आकडा लहान वाटतो, पण तो खरा आहे. महिन्याभरात दहा किलो उतरवण्याच्या जाहिराती वाचलेल्या माणसाला तो आधी सांगितला जायला हवा.

कडक आहाराच्या पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येतो, ती बहुतांशी चरबी नसते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन आधी संपते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बाहेर पडते. नेहमीचे जेवण सुरू झाले की हे वजन तितक्याच वेगाने परत येते. पुढे चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि भूक वाढते. मेलबर्नमधील संशोधकांनी २०११मध्ये दाखवून दिले, की वजन घटवल्यानंतर वर्ष उलटले तरी भूक वाढवणारी संप्रेरके चढलेलीच राहतात. वजन परत वाढले की माणूस स्वतःच्या निश्चयाला दोष देतो, तो बराचसा अन्यायाचा असतो.

मात्र हळू उतरवलेले वजन आपोआप टिकते, हेही खरे नाही. मेलबर्नमध्येच २०० जणांवर झालेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींचे वजन १२ आठवड्यांत, तर काहींचे ३६ आठवड्यांत उतरवले गेले. सुमारे तीन वर्षांनी दोन्ही गटांत घटलेल्या वजनापैकी जवळपास ७१ टक्के परत आले होते. याचा अर्थ वेगापेक्षा बदलाच्या कायमपणाला महत्त्व आहे. रोज मनाशी झगडून पाळावा लागणारा नियम कायमचा होत नाही. घराच्या पद्धतीत मुरलेला बदल होऊ शकतो.

म्हणून सुरुवात स्वयंपाकघरातून करणे शहाणपणाचे. चार माणसांच्या घरात महिन्याला तेलाचा ५ लिटरचा डबा संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम तेल पोटात जाते. तोच डबा सहा आठवडे पुरवला, तर हे प्रमाण २७ ग्रॅमवर येते. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असल्याने माणशी रोजच्या जवळपास १०० कॅलरी कमी होतात, म्हणजे हॉल यांच्या हिशेबातली नेमकी कपात. तेल डब्यातून थेट कढईत ओतण्याऐवजी आठवड्याचे तेल लहान बरणीत काढून चमच्याने मोजून घातले, तरी बरेचसे साधते. फोडणी तीच राहते, भाजीवरचा तवंग तेवढा जातो. यात कुणाला वेगळे ताट वाढावे लागत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण.

साखरेचेही असेच. दिवसाला चार कप चहा आणि कपात दोन चमचे साखर, म्हणजे सव्वाशेहून अधिक कॅलरी. साखर एकदम बंद केली तर चहा नकोसा होतो आणि चार दिवसांत जुनी सवय परतते. दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करत गेल्यास जिभेला सवय व्हायला वेळ मिळतो. उपवासाबद्दलही एक गैरसमज दूर व्हायला हवा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात दाण्याचे कूट आणि तूप पडले की खिचडीची भरलेली बशी पूर्ण जेवणाइतकी जड होते. संकष्टीला ती खाऊन वजन उतरेल, ही अपेक्षा फोल आहे.

चालण्याने कॅलरी फार खर्च होत नाहीत, पण उतरलेले वजन टिकवायला त्याची मोठी मदत होते. स्नायू झिजू नयेत म्हणून जोर-बैठकांसारखा ताकदीचा व्यायाम आणि डाळ, उसळ, दही, अंडी यांतून पुरेशी प्रथिने लागतात. भारतीयांना याची विशेष गरज आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के निघाली. त्यामुळे काट्याबरोबर कंबरेचे मापही घ्यावे. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते.

उद्दिष्ट फार मोठे असण्याचे कारण नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील लोकांवर अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७ टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम एवढेच लक्ष्य होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. ७५ किलोच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे सव्वापाच किलो.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर आहार घटवल्यावर रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या औषधांची मात्राही वजन उतरल्यावर बदलावी लागते. अशांनी डॉक्टरांशी बोलून मगच सुरुवात करावी. गरोदरपणात वजन उतरवण्याचा प्रयत्न करू नये. काहीही न बदलता वजन आपोआप घटू लागले, तर तपासणी करून घ्यावी.