कंपायलरला दिलेला शब्द

पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर यांनी जीसीसी या मुक्त कंपायलरचे अंतरंग अनेकांना उलगडून दाखवले. डेटा फ्लो विश्लेषणावरचा त्यांचा सहकाऱ्यांसह लिहिलेला ग्रंथ २००९चा. अशा विश्लेषणात कंपायलरला छळणारा प्रश्न असा: दोन पॉइंटर मेमरीतल्या एकाच जागेकडे तर बोट दाखवत नाहीत ना? शंका असली की तो प्रोग्रामला मेमरी पुन्हा वाचायला लावतो. प्रोग्रामरने फंक्शनवर 'मॅलॉक' ही खूण केली असली, की मिळालेली जागा नवी आहे, दुसरा कुठलाच पॉइंटर तिकडे वळलेला नाही, हे त्याला कळते. 'प्युअर' अशी खूण असलेले फंक्शन मेमरी वाचते, बदलत नाही. 'कॉन्स्ट' तर बदलती मेमरी वाचतही नाही. त्यामुळे आधी वाचलेले मूल्य रजिस्टरमध्येच ठेवता येते, त्याच त्या कॉलची पुनरावृत्ती टळते. खूण खोटी असेल, तर मात्र प्रोग्राम चुकीचे उत्तर देऊ शकतो आणि कंपायलर बहुधा इशाराही देत नाही.