प्रतिपिंडाची साक्ष

शरीरातील बहुतेक सर्व पेशींत जनुकांचा संच एकच असतो. मग एक पेशी यकृताची व दुसरी डोळ्याची कशी होते? पोथी एकच असली तरी आज कोणता अध्याय लावावयाचा हे पुराणिक ठरवितो, तसाच हा प्रकार आहे. काही प्रथिने डीएनएवरील ठराविक जागी बसतात आणि तेथील जनुकाचे वाचन सुरू करतात किंवा थांबवितात. त्यांना आम्ही येथे प्रतिलेखन-घटक म्हणू.

हे पुराणिक पेशीत फार थोडे असतात आणि नुसत्या सूक्ष्मदर्शकाने ओळखू येत नाहीत. त्यांचा ठाव लावण्यासाठी प्रयोगशाळेत प्रतिपिंडे वापरतात. प्राण्याला परके प्रथिन टोचले की त्यालाच चिकटणारी प्रतिपिंडे त्याच्या रक्तात तयार होतात. १९७५ साली केंब्रिज येथे कोहलर व मिलस्टीन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके मिळविण्याची युक्ती काढली. १९८४ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. असे प्रतिपिंड ऊतीच्या पातळ कापावर सोडून त्याला रंगाची जोड दिली, की जेथे प्रथिन तेथे रंग उमटतो.

परंतु हा साक्षीदारच भलत्याकडे बोट दाखवू लागला तर? तसे घडले आहे. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा संदेश घेऊन जनुके चालविणारा ‘बीटा ग्राहक’ नावाचा प्रतिलेखन-घटक १९९६ साली स्वीडनमध्ये सापडला. स्तनाच्या कर्करोगात तो असतो की नाही, यावर पुढे अनेक निबंध निघाले. पण एकाचा निष्कर्ष दुसऱ्याशी जुळेना. २०१७ साली स्वीडनमधल्याच संशोधकांनी १३ प्रतिपिंडांची उलटतपासणी केली. ज्या पेशींत हे प्रथिन मुद्दाम निर्माण केले होते आणि ज्यांत ते नव्हतेच, अशा दोन्ही त्यांच्यापुढे ठेवल्या. सर्व कसोट्यांना उतरले ते अवघे एक! त्या एकाने तपासता निरोगी स्तनात वा स्तनाच्या कर्करोगात हे प्रथिन आढळलेच नाही. अंडाशयात व वृषणात मात्र आढळले.

यात केवळ पंडितांचा वाद आहे असे कोणी समजू नये. याच ग्राहकाचा भाऊबंद जो ‘आल्फा ग्राहक’, तो गाठीत आहे की नाही हे प्रतिपिंडानेच पाहतात आणि त्यावरून रुग्ण स्त्रीस संप्रेरकविरोधी औषध द्यावे की नाही हे ठरते. तेथील प्रतिपिंडे पुष्कळ पारखलेली आहेत, म्हणूनच डॉक्टर त्यांवर विसंबू शकतात.

तेव्हा पारख करावयाची ती अशी : ज्या पेशीतून ते जनुक काढून टाकले आहे, तिच्यावरही रंग उमटला, तर साक्ष खोटी समजावी. अमुक रोगात अमुक प्रथिन सापडले, असे वृत्त वाचताना आपणही एवढे अवश्य विचारावे, की ते ओळखले कोणी, आणि त्या ओळखणाऱ्याची परीक्षा कोणी घेतली?